जुन्या संगणकास नवी डिस्क: यंत्र सुरू न झाल्यास काय करावे?

संस्थेच्या कपाटात जुनी नोंदवही जशी जपून ठेवलेली असते, तसा पुष्कळ कार्यालयांत एखादा जुना संगणकही जपलेला आढळतो. तो टाकून का देत नाहीत, असे नव्या पिढीस वाटणे साहजिक आहे. त्याचे कारण असे की, युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसारख्या प्रणालींवर टंकलिखित होत असे. त्यातील अक्षरे त्या त्या फॉन्टच्या स्वतःच्या सांकेतिक क्रमाने साठविली जात. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तीच फाईल उघडली, तर सभासदाच्या नावाऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. विद्यार्थ्यांस दिलेल्या मदतीच्या याद्या, वर्गणीचे हिशेब, जुने ठराव ही सारी अशा एका यंत्रावर अवलंबून असू शकतात. म्हणून त्याची डिस्क जीर्ण झाली की नवी बसवावी लागते. आणि नेमके तेव्हाच यंत्र सुरू होण्याचे नाकारते.

प्रथम यंत्र सुरू कसे होते ते पाहू. भरवेलीत खाणकामाचा परिचय कोणास नाही? आधी हजेरी, मग दिवा, मग शाफ्ट. मधली एक पायरी चुकली की माणूस कामावर पोहोचत नाही. संगणकाचेही तसेच आहे. वीज येताच मदरबोर्डवरील बायॉस जागा होतो व ठरलेल्या क्रमाने डिस्क शोधतो. नंतर तो डिस्कचा पहिला, ५१२ बाइटांचा सेक्टर वाचतो. त्यास एमबीआर म्हणतात. त्यात डिस्कच्या भागांचा तक्ता असतो आणि कोणता भाग ‘ॲक्टिव्ह’ आहे याची नोंद असते. त्या भागातील छोटा कार्यक्रम पुढे विंडोजला उठवितो.

ही साखळी ध्यानात घेतली म्हणजे दोष शोधणे सोपे होते. क्रम असा ठेवावा:

१. बायॉसमध्ये नव्या डिस्कचे नाव दिसते काय? दिसत नसेल तर केबल व वीजजोडणी पाहावी. दिसत असेल तर सुरू होण्याच्या क्रमात ती पहिली आहे याची खात्री करावी.

२. तारीख वारंवार मागे जाते काय? तसे असल्यास मदरबोर्डवरील ३ व्होल्टचा गोल सेल संपला आहे. त्यामुळे बायॉसमधील सर्व निवडी मूळ स्थितीत जातात. सेल बदलावा.

३. निळा पडदा येऊन त्यावर ‘सेव्हन बी’ हा आकडा दिसतो काय? बहुधा साटाची पद्धत बदललेली असते. मूळ विंडोज एक्सपीत एएचसीआयचा ड्रायव्हर नसतो. जुनी डिस्क चालत असताना जी पद्धत होती, बहुधा आयडीई, तीच पुन्हा निवडावी.

४. ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ (एक्सपी) किंवा ‘बूटएमजीआर इज मिसिंग’ (विंडोज ७) असे दिसते काय? डिस्क सापडली, पण पुढचा कार्यक्रम सापडला नाही, असा याचा अर्थ. योग्य भाग ‘ॲक्टिव्ह’ करावा. एक्सपीच्या सीडीवरील रिकव्हरी कन्सोलमध्ये ‘फिक्सएमबीआर’ व ‘फिक्सबूट’ या आज्ञा आहेत. विंडोज ७ च्या डीव्हीडीवर ‘स्टार्टअप रिपेअर’ आहे.

५. नवी डिस्क कोणत्या पद्धतीने आखली आहे? जीपीटी पद्धतीने आखली असेल, तर जुन्या बायॉसवर तीवरून विंडोज सुरू होत नाही, एमबीआरच हवी. एमबीआरमध्ये साधारण २ टेराबाइटपर्यंतचीच जागा उपयोगी पडते. तेव्हा मोठी डिस्क विकत घेण्यात फायदा नाही.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. जुन्या डिस्कची नक्कल, म्हणजे क्लोन, करून झाला की जुनी डिस्क काढून ठेवावी आणि पहिल्यांदा केवळ नवीच जोडून यंत्र सुरू करावे. दोन्ही जोडलेल्या असल्या तर विंडोज नव्या डिस्कला दुसरे अक्षर देण्याचा संभव असतो. वरील दुरुस्तीच्या आज्ञाही जुन्या डिस्कवर कदापि चालवू नयेत. सर्व प्रयत्न फसले तरी मूळ नोंदी शाबूत राहिल्या पाहिजेत.

यंत्र सुरू झाले म्हणजे काम संपले असे मात्र मानू नये. एक्सपीला मायक्रोसॉफ्टचे संरक्षण ८ एप्रिल २०१४ रोजी व विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० रोजी बंद झाले. असे यंत्र इंटरनेटला जोडू नये. सवड काढून त्यातील याद्या युनिकोडमध्ये उतरवाव्यात, प्रत्येक नाव मूळ यादीशी ताडून पाहावे, आणि दोन निरनिराळ्या ठिकाणी प्रती ठेवाव्यात. घरातील तरुण मुलामुलींनी या कामी एकेक रविवार दिला, तर वडीलधाऱ्यांनी घालून दिलेला हिशेब त्यांच्या नातवंडांनाही वाचता येईल.