मागणीपत्राचें परीक्षण

घर बांधण्यापूर्वीं आपणांस काय हवें, तें गवंड्यास सांगावें लागतें. तद्वत् संगणकाकडून जें काम करून घ्यावयाचें, तें आधीं लिहून द्यावें लागतें. या लेखास आपण मागणीपत्र म्हणूं. आज्ञावली त्याबरहुकूम तयार होते, म्हणून त्यांतील उणीव पुढें सर्वत्र उतरते.

दि. ४ जून १९९६ रोजीं फ्रेंच गियानांतील कुरू येथून निघालेला ‘आरियान ५’ हा युरोपचा अग्निबाण सुमारें ४० सेकंदांत फुटला. आंतील चार उपग्रह नष्ट झाले. दिशादर्शक यंत्राची आज्ञावली जुन्या ‘आरियान ४’ ची होती. तिच्यांत आडव्या वेगाची एक संख्या १६ बिटांच्या कप्प्यांत घातली जाई. तेथें ३२,७६७ हून मोठा आंकडा मावत नाहीं. नव्या बाणाचा आडवा वेग अधिक. आंकडा मावला नाहीं, आणि मुख्य व राखीव हीं दोन्ही यंत्रें एकाच कारणानें बंद पडलीं. नवल हें कीं, नव्या बाणास उड्डाणानंतर त्या गणिताची गरजच नव्हती!

चौकशी मंडळास आढळलें कीं, यंत्राच्या मागणीपत्रांत नव्या बाणाच्या उड्डाणमार्गाची माहितीच घातली नव्हती. सबब चांचणीही त्या मार्गाप्रमाणें झाली नाहीं. लिहिलेलें शुद्ध आहे काय, एवढेंच पाहणारास हा दोष दिसावा कसा? मायकेल फॅगन यांनीं १९७६ सालीं आराखडा व आज्ञावली यांकरितां प्रसिद्ध केलेली परीक्षणपद्धति येथेंही उपयोगी पडते. प्रत्येकानें लेख आधीं स्वतंत्रपणें वाचावा, मग एकत्र बसून ओळीगणिक शंका काढावी. सभेंत दोष टिपावे, दुरुस्ती मागाहून. परीक्षकांत प्रकल्पाबाहेरील माणसेंही असावीं, असें चौकशी मंडळानें सुचविलें. “हा वेग कोणत्या बाणाचा?” हा प्रश्न अशा परक्या माणसासच सुचण्याचा संभव अधिक.