पहिलं कार्ड हाती आलंय, तर जरा ऐक

अगं, नोकरी लागली, पगाराचं खातं उघडलं आणि पाठोपाठ क्रेडिट कार्डही घरी आलं. गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात लागलेली असो की एटापल्लीकडे शाळेवर, दवाखान्यात रुजू झालेली, तुझ्या वयाच्या कितीतरी मुलींचं असंच होतं. कार्ड वापरूच नको, असं मी म्हणणार नाही. अडीनडीला ते कामी येतं. पण ‘बिल थोडं उशिरा भरलं तर काय, दंड बसेल फार तर’ असं कुणी सांगितलं असेल, तर ते मनातून काढून टाक. दंड एकदा भरला की संपतो. उशिराची नोंद मात्र वर्षानुवर्षं तुझ्या नावापुढे राहते.

ही नोंद ठेवतं कोण? आपण सरसकट ‘सिबिल’ म्हणतो, पण अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बँका त्यांना तुझ्या प्रत्येक कर्जाची आणि कार्डाची माहिती कळवतात. १ जानेवारी २०२५ पासून ती पंधरा दिवसांतून एकदा तरी कळवणं बंधनकारक झालं. सिबिलच्या अहवालात मागच्या ३६ महिन्यांपर्यंतचा हिशेब महिनावार दिसतो: या महिन्यात किती दिवस उशीर, त्या महिन्यात किती. सगळं वेळेवर असेल तिथे ‘०००’. या सगळ्या माहितीवरून ३०० ते ९०० मधला तुझा स्कोअर ठरतो, आणि त्यात वेळेवर फेडीला मोठं वजन असतं. तू माणूस म्हणून किती प्रामाणिक, घरी काय अडचण होती, पगार का लांबला, यातलं काहीही तिथे लिहिलेलं नसतं. तिथे फक्त तारीख बोलते.

आणि नेमकं तारखेचंच आपल्याकडे जमत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत पैसा येतो तो हंगामाने. मार्च-एप्रिलात मोहफुलं, मे महिन्यात तेंदूपत्ता, दिवाळीनंतर धान, आणि धानाचे चुकारे कधी हाती पडतील याचा नेम नाही. कंत्राटी नोकरी असेल तर मानधनही पुढेमागे होतं. वरून पावसाळा! पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, वीज जाते, नेटवर्क जातं. अशा दिवसांत बिलाची शेवटची तारीख आली, तर खात्यात पैसे असूनही भरता येत नाहीत. म्हणून बाई, तारखेचा बंदोबस्त आधीच करून ठेव.

पहिलं काम, बिलाची तारीख बदलून घे. बिलाचं चक्र किमान एकदा बदलण्याची सोय कार्ड देणाऱ्या बँकेने द्यायलाच हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पगार साधारण कधी जमा होतो ते बघ आणि त्यानंतर आठ-दहा दिवसांनी शेवटची तारीख येईल, असं चक्र मागून घे. दुसरं, खात्यातून आपोआप पैसे कटण्याची सोय लाव. तिथे ‘पूर्ण रक्कम’ निवड, ‘किमान रक्कम’ नको. आणि पावसाळ्यात बिल आलं की त्याच दिवशी भरून मोकळी हो.

चुकून एखादा दिवस पुढे गेलाच, तर घाबरू नको. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उलटल्यावरच बँक उशिराचा दंड लावू शकते आणि खातं थकीत म्हणून कळवू शकते. ते तीन दिवस नेटवर्क गेलं, गाडी बंद पडली अशा वेळेसाठी ठेव. दर महिन्याला त्यांच्यावर विसंबू नको.

आता किमान रकमेचं सांगते, कारण सगळ्यात जास्त मुली इथेच फसतात. किमान रक्कम भरली तर खातं थकीत दिसत नाही, हे खरं. पण खिसा फाटतो. समज, बिल २०,००० रुपयांचं आहे आणि तू पाच टक्के, म्हणजे १,००० भरलेस. उरले १९,०००. महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरलं तर ६६५ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे सुमारे १२०. म्हणजे पुढच्या महिन्यात भरलेल्या हजारातले पावणेआठशेहून जास्त व्याजातच जातात. शिवाय जुनी बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. एखाद्या महिन्यात फारच ओढाताण झाली तर किमान रक्कम जरूर भर, नोंद वाचव. पण त्याची सवय लावून घेऊ नको. धानाचे चुकारे येईपर्यंत घर कार्डावर चालवणं ही तर फार महागडी उधारी आहे.

तुला हे नवं वाटेल, पण आईला विचार. बचत गटाची पंचसूत्री ती तोंडपाठ सांगेल: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. पहिलं कर्ज वेळेवर फेडलं म्हणूनच बँकेने गटाला दुसरं मोठं कर्ज दिलं. गटातल्या बायांनी दहा-दहा रुपयांपासून जी पत उभी केली, तीच तुला एकटीच्या नावावर उभी करायची आहे. मायक्रोफायनान्सचा हप्ताही याच कंपन्यांकडे नोंदला जातो, तेव्हा कुणाला जामीन राहताना, आपल्या नावावर दुसऱ्यासाठी कर्ज उचलताना दहादा विचार कर. भावाला वापरायला कार्ड दिलंस आणि त्याने पैसे उशिरा दिले, तरी नोंद तुझ्याच नावावर होईल.

आधीच उशीर झाला असेल, तर लपवू नको. थकलेली रक्कम पूर्ण भर. एकदम जमत नसेल तर बँकेशी बोलून हप्ते पाडून घे. ‘अर्ध्यात मिटवून टाका’ असा फोन आला तर हुरळून जाऊ नको. तसं मिटवलेलं कर्ज अहवालात ‘सेटल्ड’ म्हणून दिसतं आणि पुढचा बँकवाला ते बघून बिचकतो. थकबाकी भरल्यावर महिन्यामागून महिना वेळेवर भरत राहा, स्कोअर हळूहळू वर येतो. ‘पैसे द्या, सिबिल सुधारून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच वाटेला लाव. खरी नोंद कुणालाही पुसता येत नाही आणि चुकीची नोंद तुला स्वतःला फुकट दुरुस्त करून घेता येते.

त्यासाठी या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. स्वतःचा अहवाल बघितल्याने स्कोअर कमी होत नाही. चूक दिसली तर तक्रार कर. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई तुला मिळायला हवी. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा १४४४८ हा क्रमांक आहे, तिथे पुढची वाट सांगतात.

उद्या तुला स्कूटर घ्यायची असेल, चंद्रपूरला स्वतःच्या नावावर घर घ्यायचं असेल, मुलीला नागपूरला शिकायला पाठवायचं असेल. त्या दिवशी बँकेसमोर तुला नवऱ्याचा, भावाचा आधार शोधावा लागू नये, एवढ्यासाठी सांगते आहे. आज संध्याकाळी कार्डाचं ॲप उघड, शेवटची तारीख बघ आणि पूर्ण रकमेची आपोआप कपात लाव. काही अडलं तर मला फोन कर, दोघी मिळून करू.