कापायच्या आधी

बेळगाव

चि. ईशा हिस,


तुझं पत्र मिळालं, कापडांचे फोटोही सावकाश पाहिले. नीळ चढवलेली मलमल, हिरडा-मंजिष्ठेतली लाल खादी, डाळिंबसालीच्या पिवळ्यावर लोखंडाचं पाणी देऊन केलेला तो शेवाळी रंग, आईच्या चंद्रकळेचा कशिद्याचा पदर आणि लमाणी भरतकामाचे तुकडे. ऐवज मोलाचा आहे. या सगळ्यातून तुकडे जोडून जॅकेट शिवायला रविवारी कात्री घेऊन बसणार म्हणतेस. इतक्यात बसू नकोस.

तुकडे जमिनीवर मांडून तू रंग जुळवलेस, ते सुरेख दिसतात. पण हे अंगात घालायचं आहे. कुठला तुकडा कुठे बसेल हे अंग ठरवतं. हात दुमडला की कोपर ताणतं, चालताना बगल घासते, खुर्चीत बसलं की पाठीचा खालचा भाग रगडतो, आणि तू तर एका खांद्याला पिशवी लावतेस. सगळ्यात निवांत जागा दोनच: छातीचा वरचा भाग आणि पाठीवर दोन खांद्यांच्या मधला पट्टा. भरतकाम तिथे. बाकी ठिकाणी साधं, मजबूत कापड.

रंगांचंही तसंच आहे. शेवाळी रंगात लोखंड आहे आणि लोखंड सुताला हळूहळू खातं. जुन्या कलमकारीत लाल-पिवळं शाबूत असतं आणि काळ्या रेघांपाशी कापड विरलेलं असतं, ते यामुळेच. म्हणून शेवाळी तुकडे कोपरावर किंवा बाहीच्या तोंडाशी लावू नकोस. पुढच्या पाखांवर लाव.

निळीची गोष्ट निराळी. हौदातून काढलेलं हिरवट-पिवळं कापड वारा लागताच डोळ्यांदेखत निळं होतं, ते तू पाहिलंच आहेस. पाण्यात विरघळलेली नीळ धाग्यात शिरते आणि हवा लागली की जागीच घट्ट होऊन बसते, एवढंच. मंजिष्ठेचं लाल तुरटीने सुताला बांधलेलं असतं. निळीला असं बांधणारं काही नसतं. म्हणून घासलं की ती थोडी उतरते. निळी कॉलर केलीस तर घामाने मान निळी होईल. कॉलरला लाल खादी घे.

आता कशिद्याचा पदर. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण तो एकदा बिघडला की परत मिळणार नाही. पदर उलटा करून बघ. गवंती आणि मुरगी हे कशिद्याचे टाके दोन्ही बाजूंनी सारखेच दिसतात, कुठेही गाठ नाही. दोऱ्याचं टोक मागच्या टाक्यांत सरकवून दडवलेलं असतं. हीच त्या कामाची ऐट आणि हीच त्याची नाजूक जागा. मधून कात्री चालवलीस तर दोरा धरून ठेवायला गाठच नाही. चार धुण्यांत नक्षीतल्या गोपुराचा कळस उसवून येईल. म्हणून आधी मागे जुन्या मऊ मलमलीचा तुकडा ठेव आणि मधून कडेकडे जात कच्चे टाके घाल. मग जिथे कापायचं त्या रेघेच्या आतल्या अंगाला, अगदी लगत, बारीक धावदोरा घाल. दोरा सुतीच घे; पॉलिएस्टरचा दोरा ताण पडला की स्वतः तुटत नाही, जुनं कापड फाडतो. त्यानंतर काप. आणि नक्षी पुरी ठेव. अर्धी पालखी, अर्धा हत्ती असं करू नकोस. पदर जिथे विरलाय तिथूनच तुकडे निघतील, धड भाग घडी घालून ठेवून दे.

लमाणी तुकड्यांबद्दल एक विचारते: ते आधीच सुटे होते की कुणी अख्खी काचळी, म्हणजे त्यांची भरलेली चोळी, तुझ्यासाठी कापून दिली? बाजारात धडधाकट जुने कपडे कापून पिशव्या-उशांसाठी विकतात, ते मला बघवत नाही. एका बाईने घरचं काम सांभाळून भरलेलं वस्त्र पुरं असेल तर पुरंच राहावं. फाटलेलं, सुटलेलं असेल तर खुशाल वापर, ते पुन्हा अंगावर येणं चांगलंच. नवं हवं असेल तर भरणाऱ्या बायकांकडून तुझ्या मापाचा तुकडा भरून घे आणि दाम पुरतं दे.

त्या तुकड्यांतले आरसे बघ. शिवणीच्या अर्ध्या इंचात येणारा आरसा आधी सोडवून काढ, नाहीतर मशीनची सुई तरी मोडेल किंवा आरसा तरी फुटेल. कवड्या आणि घुंगरं पाठीवर नकोत, टेकून बसता येणार नाही. लाल कापड आणि दोरा रंग सोडतो का हे आधी तपास: पांढरं ओलं फडकं दाबून धर. डाग आला तर तो तुकडा पांढऱ्या कशिद्याशेजारी बसवू नकोस.

साधी कापडं सगळी आधी धू. खळ निघू दे, आटायचं ते आटू दे. प्रत्येकाचा दहा इंची चौकोन धुण्याआधी आणि नंतर मोजलास तर कोण किती आटतं ते कळेल. मलमल खादीशेजारी लोंबेल, तिला मागून मांजरपाट लाव.

त्याच मांजरपाटाचं आधी अख्खं जॅकेट बेत. बाही, मुंढा, खांदा सगळं. घालून हात वर कर, पुढे वाक, चप्पल घालायला बस. बगलेत ओढलं तर चौबगला घाल; जुन्या अंगरख्यात असायचा तसा चौकोनी तुकडा तिरका बसवायचा. माप पटलं की तेच मांजरपाट उसवून त्यावर तुकडे बसव, म्हणजे वजन त्याच्यावर येईल, जुन्या कापडावर नाही.

चार इंचाचा तुकडा दिसायला हवा तर पाच इंचाचा काप, दाबाला सगळीकडून अर्धा इंच. सगळ्यांचा उभा धागा उभाच ठेव. एखादा उरेब गेला तर जॅकेट त्या बाजूला ओघळतं. एका ओळीचे दाब डावीकडे, पुढच्या ओळीचे उजवीकडे इस्त्री कर. मग चार कोपरे जुळतात तिथे गठ्ठा होत नाही. भरतकामाला इस्त्री उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल घालून. आरशांवर अजिबात नाही.

वरून हाताने धावदोरा घालायचा का, असं विचारलंस. घाल. आपल्या गोधडीला घालतात तसा, कडेपासून आत येत. इकडे हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका त्यांच्या गोधड्या, कवंदी, अशाच कोपऱ्यापासून मध्यापर्यंत शिवत जातात, टाके हाताच्या चालीने थोडे वेडेवाकडे, आणि तेच त्यांना शोभतं. तुझे टाकेही मोजूनमापून सारखे करायच्या मागे लागू नकोस, पण घट्ट असू देत. कशिद्यावरून मात्र दोरा नेऊ नकोस, त्याच्या कडेने वळव.

बटणांपेक्षा बंद लाव, बाराबंदीला असत तसे. काजं करायला जाड थरातून कापावं लागतं, ते टळेल.

अस्तर घालायच्या आधी आतली बाजू दिसेल असे फोटो पाठव. बाहेरचे नकोत.

तुझी,
मावशी