आधी पाइप, मग डांबर

अमेरिकेतल्या लहान गावांच्या कौन्सिलवर, प्लॅनिंग बोर्डावर, पाणीपुरवठ्याच्या मंडळावर आता आपली मराठी मंडळी दिसू लागली आहेत. त्यांच्यापैकी कुणी भेटलं की विषय हमखास निघतो, "वॉशिंग्टनहून एवढा पैसा येतोय म्हणतात, आमच्या गावाला कसा मिळेल?" पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या बरोच्या, म्हणजे गावाच्या पालिकेच्या, बांधकाम खात्यात मी बरीच वर्षं इंजिनिअर आहे. अर्ज लिहून देणारे पुष्कळ भेटतात. पैसा मंजूर झाल्यावर गावाची कशी ओढाताण होते, ते मात्र सहसा कुणी सांगत नाही. ते मी जवळून पाहिलं आहे.

१५ नोव्हेंबर २०२१ला अध्यक्ष बायडन यांनी पायाभूत सुविधांच्या कायद्यावर सही केली. एकूण बाराशे अब्ज डॉलर, त्यातले साडेपाचशे अब्ज नवे. आमच्या कौन्सिलला हुरूप आला आणि तो रास्तच होता. गावातल्या मुख्य रस्त्याची रया गेली होती. फुटपाथ उखडलेले, कोपऱ्यांवर व्हीलचेअर चढेल असा उतार नाही आणि डांबराखाली आजोबा-पणजोबांच्या काळातली बिडाची पाइपलाइन. रस्ता बरोचा, पण पाइपलाइन पाणी प्राधिकरणाची. पेनसिल्व्हेनियात अशी प्राधिकरणं स्वतंत्र असतात. त्यांचं बोर्ड वेगळं, हिशेब वेगळे, वकीलही वेगळा.

रस्त्यासाठी आम्ही प्रादेशिक नियोजन संस्थेमार्फत परिवहनाचा निधी मागितला. पाइपसाठी प्राधिकरणाने राज्याच्या फिरत्या कर्जनिधीकडे अर्ज केला. त्यातही मोठा भाग फेडरल पैशाचाच, पण तो पर्यावरण संरक्षण संस्थेकडून राज्याकडे येतो आणि त्याचं वेळापत्रक निराळं. रस्त्याची मंजुरी आधी आली आणि सोबत मुदत घेऊन आली. त्या मुदतीत निविदा निघाली नाही तर रक्कम हातची जाणार. पाइपच्या कर्जाचा तर निर्णयही झाला नव्हता. मी आणि प्राधिकरणाचे इंजिनिअर, आम्ही दोघांनी भर बैठकीत सांगितलं की मुदतवाढ मागू या, हे डांबर पाइपच्या आधी पडता कामा नये. कौन्सिलला आलेला पैसा परत जाऊ द्यायचा नव्हता. ही माणसं वाईट नव्हती, पण त्यांच्या डोक्यावर तारीख होती.

रस्ता झाला आणि देखणा झाला. पुढच्याच हिवाळ्यात खालचा पाइप तडकला. करवतीने नवं डांबर चौकोनी कापलं तेव्हा मी तिथेच उभी होते. वर काळेभोर दोन थर, त्याखाली खडी आणि खाली चिखलपाण्यात पाइपचा फुटका तुकडा. आतून गंजाच्या गुठळ्या इतक्या साचलेल्या की सहा इंची पाइपात माझी मूठ जेमतेम शिरली असती. त्याच खड्ड्यात एका घराकडे जाणारी बारीक नळी दिसली. फोरमनने ती चावीने खरवडली, तर आतून चांदीसारखी चकाकली. शिसं! त्या घरात लहान मुलं राहत होती. वर फेडरल पैशाचा नवाकोरा रस्ता आणि खाली पोरांच्या पोटात जाणारं शिसं, ही गोष्ट मला अजूनही सहन होत नाही. तिथून पुढे मी कुठल्याही रस्त्याच्या अर्जावर सही करण्याआधी खालच्या पाइपची माहिती मागते आणि ती आल्याशिवाय कागद पुढे सरकवत नाही. तुम्हीही बैठकीत हाच हट्ट धरा. पाइपच्या पैशाचा पत्ता नसेल तर रस्त्याच्या अर्जासाठी दुसरी गल्ली निवडा; गावात वाईट रस्ते काही एकच नसतात.

दुसरी गोष्ट रोकडीची. नव्या सदस्यांना वाटतं की मंजुरीचं पत्र आलं म्हणजे खात्यात पैसे आले. बहुतेक योजनांत पैसा मागाहून येतो. गावाने खर्च करायचा, बिलं आणि दाखले पाठवायचे, तपासणी व्हायची आणि मग परतफेड. मधल्या काळात ठेकेदार थांबत नाही. आमच्या खजिनदारबाई रस्त्याचं काम चाललेल्या उन्हाळ्यात रोज सकाळी बँकेतली शिल्लक बघून मगच पोलिसांच्या पगाराचे आणि ठेकेदाराच्या बिलाचे चेक काढायच्या. काम सुरू होण्याआधीच बँकेकडून तात्पुरत्या कर्जाची सोय करून ठेवा. शिवाय रस्त्यांच्या योजनांत सर्वसाधारणपणे ८० टक्के फेडरल आणि २० टक्के स्थानिक असा हिस्सा असतो, आणि त्या २० टक्क्यांत दुसऱ्या योजनेचा फेडरल पैसा सहसा चालत नाही. समुदाय विकास निधी मात्र याला अपवाद आहे, तो स्थानिक हिस्सा म्हणून धरता येतो. गरीब वस्तीच्या गावांनी ही सोय जरूर वापरावी.

प्रत्येक रस्ता पात्रही नसतो. निव्वळ गल्लीबोळ आणि ग्रामीण भागातले दुय्यम जोडरस्ते नेहमीच्या फेडरल महामार्ग निधीत बसत नाहीत. उलट त्याच रस्त्यांवरचा गावाच्या मालकीचा पूल असेल तर २०२१च्या कायद्यातल्या पूल कार्यक्रमात पूर्ण १०० टक्के खर्च मिळू शकतो. दहा हजार किंवा त्याहून कमी वस्तीच्या ग्रामीण गावांना पाणी आणि सांडपाण्यासाठी कृषी खात्याची ग्रामीण विकास योजना आहे. रस्त्यांच्या नादात तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही.

जमिनीबाबत तर फारच जपून. शेजारच्या एका गावाने वळण रुंद करायला म्हणून एका शेतकऱ्याकडून जमिनीची पट्टी आधीच विकत घेऊन टाकली. हेतू चांगला होता, पण पर्यावरणाची मंजुरी अजून यायची होती. त्या मंजुरीआधी फेडरल पैशाच्या रस्त्यासाठी जमीन घेणं किंवा अंतिम आराखडा करणं सहसा नियमात बसत नाही, आणि जमिनीचं मूल्यांकन, मालकाला द्यायचा प्रस्ताव हे सगळं जमीन संपादनाच्या १९७०च्या फेडरल कायद्यानुसार क्रमानेच व्हावं लागतं. त्या पट्टीचा खर्च अखेर गावाच्या गळ्यात पडला. आणि हो, रस्त्याकडेची झाडं तोडायची असतील तर वटवाघळांचाही विचार करावा लागतो. संरक्षित जातींमुळे आमच्याकडे बऱ्याच ठिकाणी ती तोड हिवाळ्यातच करावी लागते. एक हिवाळा चुकला की अख्खं वर्ष गेलं.

"अर्ज आम्ही फुकट लिहून देतो, मंजूर झाला की डिझाइनचं काम आम्हालाच द्या," असं सांगत कुणी आलं तर चहा द्या आणि नम्रपणे नाही म्हणा. फेडरल पैशातून इंजिनिअर नेमायचा तर खुल्या स्पर्धेतून, पात्रतेवर नेमावा लागतो. आधीच शब्द दिलेला असेल तर ती फी मिळायची नाही.

साहित्याचंही तसंच. लोखंड-पोलाद वितळवण्यापासून मुलामा देण्यापर्यंत अमेरिकेतच झालेलं असल्याचा दाखला लागतो. आमच्या एका कामावर व्हॉल्व्ह आले, दाखला आला नाही. ते ट्रकवरून उतरवूनच घेतले नाहीत आणि खड्डा तसाच उघडा राहिला. निविदेच्या वेळीच पुरवठादाराकडून हे लेखी घ्या. मजुरांच्या वेतनाचे तक्ते दर आठवड्याला लागतात, ते कोण तपासणार तेही पहिल्या दिवशीच ठरवा.

शिशाच्या नळ्या बदलण्यासाठी २०२१च्या कायद्यात १५ अब्ज डॉलर राखून ठेवले आणि त्यातले ४९ टक्के वंचित गावांना अनुदान किंवा माफ होणाऱ्या कर्जाच्या रूपाने द्यायचे, असं ठरवलं. १६ ऑक्टोबर २०२४पर्यंत पाणीपुरवठा संस्थांना घरोघरच्या नळ्यांची यादी करून द्यायची होती, म्हणजे ती यादी तुमच्याही गावात असणार. ती मागून घ्या आणि रस्त्यांच्या कामांच्या नकाशावर घराघराची खूण करा. आमच्याकडे आता कौन्सिल आणि प्राधिकरण दरवर्षी अंदाजपत्रकाआधी एकत्र बसतात. कुठली गल्ली, खाली काय, कुणाचा पैसा कधी, हे एकाच तक्त्यावर मांडतात. ज्या गल्लीत शिसं निघेल ती आधी पाइपच्या यादीत जाते, आणि पाइप बदलून खड्डा एक हिवाळा बसेपर्यंत तिथे पक्कं डांबर टाकत नाहीत.