ध्रुव आणि नारद : वाटेतली भेट

आजचं वाचन : श्रीमद्भागवत, स्कंध ४, अध्याय ८



ध्रुवाची गोष्ट सांगताना आपण पटकन अढळपदावर पोचतो. आज मी मधेच थांबलो. पाच वर्षांचं पोर, सावत्र आईचे शब्द जिव्हारी लागलेले, एकटंच घराबाहेर पडलंय. वाटेत नारद भेटतात.

नारद काय करतात बघा. आधी डोक्यावर हात ठेवतात. परत जा म्हणून समजावतात. ध्रुव नाही म्हणतो, तर त्याचं ऐकून घेतात. मग कुठे जायचं, तिथे काय करायचं, एकेक करून सांगतात. त्यानंतर स्वतः उत्तानपाद राजाकडे जाऊन काळजीत बुडालेल्या बापाला धीर देतात.

आपलं पुढे काय होणार, हे मुलाला कळणं हाही अभयाचाच भाग आहे.

१९४२ मध्ये आपल्या मुंबईतही अशी एकटी मुलं आली होती. महायुद्धात घर आणि देश सुटलेली, सोव्हिएत रशियातून आलेली पोलिश मुलं. कित्येकांचे आईबाप गेलेले. आधी ती वांद्र्याला राहिली, मग जामनगरजवळ बालाचडीला. तुम्ही आता अनाथ नाही, मी तुमचाही बापू, असं जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी सांगितल्याची आठवण ती मुलं म्हातारपणीही काढत. १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवड्यालाही पोलिश निर्वासितांची वसाहत उभी राहिली.

हे वाचताना मला आपलं दहिसर स्टेशन आठवलं. गेल्या वर्षी प्लॅटफॉर्मवर आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा एकटाच बसला होता. मी बिस्किटांचा पुडा दिला, चर्चगेट लोकल आली, चढलो. साधं नावही विचारलं नाही. तेव्हा पुण्य केल्यासारखं वाटलं होतं. आज लाज वाटली.

आजचा संकल्प : असं मूल दिसलं तर १०९८ ला फोन करायचा किंवा स्टेशनवरच्या आरपीएफला सांगायचं. परस्पर घरी न्यायचं नाही, फोटो काढायचा नाही. कोणी येईपर्यंत शेजारी बसायचं. मी कोणाला बोलावलंय, ते का येतायत, हे त्याला समजेल असं सांगायचं. कायद्यानुसार २४ तासांत त्याला बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं आणि आपलं म्हणणं मांडायचा त्याला हक्क आहे, हेही सांगायचं. "उद्या घरी जाशील हं" असं खोटं आश्वासन मात्र द्यायचं नाही.

नारायणा, पुढची लोकल सोडायची बुद्धी दे.

जय हरी!