बोराना लोकांच्या विहिरी व कुरणें

गुरें घेऊन सदा फिरणाऱ्या मनुष्यास पाहून 'ह्याला घर ना दार' असें आपण सहज म्हणतों. परंतु त्या फिरण्यांत केवढें शहाणपण असतें, हें आफ्रिकेंतील बोराना लोकांच्या रीतीवरून कळून येतें.

दक्षिण इथिओपिया व उत्तर केनिया ह्या कोरड्या प्रदेशांत हे लोक गुरें, उंट व शेळ्यामेंढ्या पाळतात. तेथें वर्षांतून दोनदां पावसाळा येतो. पण पाऊस कोठें व किती पडेल ह्याचा नेम नसतो. म्हणून पाऊस पडतांच ते कळप दूरच्या कुरणांत नेतात आणि तेथील पाणी आटलें म्हणजे बारमाही विहिरींकडे परततात. तेवढ्या अवधींत मागें सोडलेलें गवत पुन्हां वाढतें.

ह्या विहिरींना 'तुला' म्हणतात. त्या फार खोल असल्यामुळें तरुण मंडळी आंत वरखालीं रांगेनें उभी राहते आणि गात गात पाण्याच्या बादल्या हातोहात वर पोंचविते. कोणाच्या गुरांची पाळी केव्हां, हें 'अबा हेरेगा' नांवाचा अधिकारी पाहतो. दुष्काळांत ज्याचीं गुरें मेलीं, त्यास कुळांतील लोक आपलीं जनावरें देऊन पुन्हां उभें करतात. ह्या रिवाजास 'बुसा गोनोफा' असें नांव आहे.

ही व्यवस्था न जाणतां केलेलें साह्य अपायकारक ठरलें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इथिओपियांत पावसाळी कुरणांत तळीं खोदण्यांत आलीं. पाणी मिळतांच कळप तेथेंच राहूं लागले व गवताचा विसांवा संपला. कुरणें जाळण्यासही बंदी झाली. त्यामुळें कांटेरी झुडपें माजलीं.

उलट, केनियांतील मार्साबित भागांत २०१० सालीं गुरांचा विमा सुरू झाला. त्यांत उपग्रहाच्या साह्यानें कुरणाची हिरवळ मोजतात आणि ती फार घटल्यास भरपाई देतात. २०१६ च्या कायद्यानें तेथें सामाईक जमिनीवर समाजाचा हक्क नोंदण्याची सोय झाली. तथापि २०२० च्या अखेरीपासून लागोपाठ पांच पावसाळे हुकले, तेव्हां असंख्य गुरें दगावलीं. अशा संकटांत विम्याचा आधार अपुरा पडतो. फिरण्याची वाट मोकळी असणें अधिक मोलाचें असतें.

संयुक्त राष्ट्रांनीं २०२६ हें वर्ष कुरणें व पशुपालक ह्यांच्यासाठीं जाहीर केलें. त्यापासून घेण्याचा बोध हाच कीं, तळें खोदण्यापूर्वीं तें कोठें असावें, हें गुराख्यास विचारावें.