सर ॲलेक गिनेस : चालीपासून आरंभ करणारा नट

संमेलनाच्या तालमी सुरू झाल्या म्हणजे दरवर्षीं माझ्याकडे एकच प्रश्न येतो : "सर, दाढी कोणती लावूं?" भूमिकेंतला माणूस चालतो कसा, बसतो कसा, थकल्यावर त्याचे खांदे कसे पडतात, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. म्हणून दाढीइतकाच चालीलाही मान देणाऱ्या एका इंग्रज नटाची हकीकत यंदा आपणांपुढें ठेवावी असें मीं योजिलें आहे.

ॲलेक गिनेस यांचा जन्म लंडन येथें २ एप्रिल १९१४ रोजीं झाला. जन्मनोंदींत पित्याच्या नांवाची जागा कोरी होती आणि तो कोण हें त्यांना आयुष्यभर निश्चित कळलें नाहीं. ज्या मुलाला स्वतःच्या नांवाचा उगम ठाऊक नाहीं, त्यानें पुढें दुसऱ्यांचीं नांवें धारण करण्याचा धंदा पत्करावा, यांत कांहीं संगति असावी असें मला वाटतें; पण तें केवळ माझें अनुमान.

शाळा संपल्यावर ते एका जाहिरातीच्या कचेरींत मजकूर लिहूं लागले. मन तेथें रमेना. फे कॉम्प्टन या नटीच्या नाट्यशाळेंत शिष्यवृत्ति मिळाली आणि तेथें परीक्षक म्हणून आलेल्या जॉन गिल्गुड या थोर नटाची दृष्टि त्यांच्यावर पडली. १९३४ सालीं गिल्गुडच्या 'हॅम्लेट'मध्यें ऑस्रिक या दरबाऱ्याचें लहानसें काम त्यांना लाभलें. चारच वर्षांनीं ओल्ड व्हिक नाट्यगृहांत टायरोन गथ्री यांनीं आधुनिक पोशाखांत बसविलेल्या त्याच नाटकांत ते स्वतः हॅम्लेट झाले. पुढें महायुद्ध आलें. गिनेस आरमारांत गेले, व १९४३ च्या सिसिलीवरील स्वारींत सैन्य किनाऱ्यावर उतरविणाऱ्या एका नौकेचे ते अधिकारी होते.

आरमारांत जाण्यापूर्वीं त्यांनीं डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' या कादंबरीचें नाट्यरूपांतर केलें होतें. तें डेव्हिड लीन या दिग्दर्शकानें पाहिलें होतें, आणि त्यानेंच १९४६ सालीं त्या कथेच्या चित्रपटांत गिनेस यांना घेतलें. १९४८ च्या 'ऑलिव्हर ट्विस्ट'मध्यें मात्र फॅगिन या म्हाताऱ्या चोर-गुरूचें काम या तरुण नटास द्यावें हें लीनला पटेना. गिनेस यांनीं पूर्ण रंगभूषा करून चांचणी द्यावयाची परवानगी मागितली, आणि त्यांना पाहतांच लीनचा विरोध मावळला. पण त्या लांब नाकाच्या रंगभूषेनें मोठें वादळ उठविलें. यहुद्यांच्या संहाराला तेव्हां पुरतीं चार वर्षेंही झालीं नव्हतीं. १९४९ सालीं बर्लिन येथें चित्रगृहापुढें यहुदी लोकांनीं तीव्र निषेध केला. अमेरिकेंत तर तो चित्रपट कांटछांट होऊन १९५१ पर्यंत अडून राहिला. नटाचा हेतु वाईट नव्हता, हें खरें. पण चेहऱ्यावर लावलेला रंग कोणाच्या जखमेवर पडतो याचा विचार नटानेंही करावयास नको काय?

१९४९ च्या 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स'मध्यें एकाच उमराव घराण्यांतील आठ माणसें त्यांनीं एकट्यानें उभीं केलीं. त्यांत एक स्त्रीही आहे. एका दृश्यांत तर त्यांपैकीं सहा जण प्रार्थनामंदिरांत एकत्र दिसतात. हें साधलें कसें? छायाचित्रकार डग्लस स्लोकोम यांनीं कॅमेरा जागचा न हालवितां भिंगाचा बाकीचा भाग झांकून एकेक आकृति टिपली, आणि दर वेळीं फिल्म मागें गुंडाळून तिच्यावरच पुढची आकृति घेतली. कोणाचा धक्का लागून मेहनत वायां जाऊं नये म्हणून रात्रीं स्लोकोम कॅमेऱ्यापाशींच झोंपले! आठही माणसें निराळीं वाटतात, आणि तरी एका रक्ताचीं वाटतात. हें कौशल्य केवळ टोपांचें नव्हे.

'फादर ब्राउन' या १९५४ च्या चित्रपटासाठीं फ्रान्समध्यें काम चालू असतां ते धर्मगुरूच्याच वेषांत मुक्कामाकडे परतत होते. अंधार पडला होता. एका अनोळखी लहान मुलानें त्यांना खरेच पाद्री समजून त्यांचा हात धरला आणि गप्पा मारीत तो बराच वेळ निर्धास्तपणें बरोबर चालला. त्या विश्वासाचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला, असें त्यांनीं आत्मवृत्तांत लिहिलें आहे. १९५६ सालीं ते रोमन कॅथलिक झाले.

आतां त्यांच्या सर्वांत गाजलेल्या भूमिकेकडे वळूं. 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' हा १९५७ चा चित्रपट सिलोनांत घेतला गेला. जपान्यांच्या कैदेंतील इंग्रज कर्नल निकोल्सन अधिकाऱ्यांना हमाली करूं देत नाहीं. म्हणून त्याला पत्र्याच्या तापलेल्या कोठडींत कोंडतात. बाहेर काढल्यावर तो शत्रूच्या कचेरीकडे चालत जातो. गुडघे ऐकत नाहींत, पण पाठ वांकावयाची नाहीं असा त्याचा निर्धार. ही चाल गिनेस यांनीं कोठून आणली? त्यांचा मुलगा मॅथ्यू अकरा वर्षांचा असतां पोलिओनें अंथरुणाला खिळला होता. बरा होतांना तो जशीं पाउलें टाकी, तशींच पाउलें पित्यानें कर्नलला दिलीं. हें ठाऊक झाल्यापासून तें दृश्य मला पूर्वींसारखें पाहवत नाहीं. लीनशीं त्यांचे खटके सारखे उडत. तरी या कामाबद्दल त्यांना उत्कृष्ट नटाचें ऑस्कर पारितोषिक मिळालें, आणि १९५९ सालीं ते 'सर' झाले.

मधलीं वर्षें मी सोडून देतों. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'नें त्यांना मुलांमध्यें अफाट कीर्ति दिली आणि नफ्यांतील वांट्यामुळें संपत्तिही दिली. पण त्यांतलीं भाषणें त्यांना मुळींच आवडत नसत. तो चित्रपट शंभरांहून अधिक वेळां पाहिल्याचें एका मुलानें अभिमानानें सांगितलें, तेव्हां पुन्हां कधीं पाहूं नकोस, असें त्यांनीं त्याला बजावलें. पोर रडूं लागलें! एका शिक्षकाला यांतली कळकळ समजते, तरी त्या मुलाची मला दया येते.

त्यांचें मला सर्वांत प्रिय काम दूरचित्रवाणीवरील आहे. जॉन ल कारे यांच्या कादंबरीवरून बी. बी. सी. नें १९७९ सालीं 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' ही सात भागांची मालिका काढली. तींत गिनेस हे स्मायली नांवाचे निवृत्त हेर आहेत. तयारीसाठीं ल कारे यांनीं त्यांची गांठ गुप्तहेर खात्याचे माजी प्रमुख सर मॉरिस ओल्डफील्ड यांच्याशीं भोजनाच्या वेळीं घालून दिली, आणि गिनेस त्यांचें बारीक निरीक्षण करीत राहिले. रंगभूमीवर शेवटच्या रांगेपर्यंत भाव पोंचवावा लागतो. घरांतल्या लहान पडद्यावर तोच भाव दुप्पट मोठा दिसतो. म्हणून येथें ते जवळजवळ कांहींच करीत नाहींत. चष्मा पुसतात, ऐकतात. समोरचा मनुष्य त्या शांततेला घाबरून बोलूं लागतो. १९८२ च्या पुढील मालिकेंतही त्यांनीं हीच रीत ठेविली.

उरला १९८४ चा 'अ पॅसेज टु इंडिया', आणि येथें आम्हां मराठी माणसांचा संबंध येतो. फॉर्स्टर यांच्या १९२४ च्या कादंबरींतील प्राध्यापक गोडबोले हे दक्षिणी ब्राह्मण. फॉर्स्टर १९२१ सालीं देवासच्या मराठे महाराजांचे चिटणीस होते. तेथील गोकुळाष्टमी त्यांनीं डोळ्यांनीं पाहिली, आणि कादंबरींतील उत्सवांत तुकारामांच्या नांवाचा गजर घातला. हें काम लीननें गिनेस यांना दिलें. त्यांची स्थिर नजर मला आवडते. पण धोतर नेसलेला तो गृहस्थ गोडबोले आहे असें क्षणभरही वाटत नाहीं. गंमत अशी कीं, कादंबरीकारानें गोडबोल्यांना युरोपियनासारखे गोरे व करड्या-निळ्या डोळ्यांचे रंगविलें आहे. चित्रपटानें मात्र एका गोऱ्या नटाच्या तोंडाला तपकिरी रंग फांसला! शेवटीं लीननें त्यांच्या कामाचा बराच भाग कापला आणि गिनेस फार दुखावले. दोनच वर्षांपूर्वीं 'गांधी' चित्रपटांत गोखल्यांचें काम आपल्या डॉ. श्रीराम लागूंनीं केलें होतें. तेव्हां गोडबोले शोधण्यासाठीं लीनला पुण्यापलीकडे जाण्याचें कारण नव्हतें.

५ ऑगस्ट २००० रोजीं, वयाच्या ८६ व्या वर्षीं, सर ॲलेक निवर्तले. 'क्वाय' चित्रपट संमेलनापूर्वीं एका शनिवारीं दाखवावा असा माझा विचार आहे. कोठडीतून बाहेर येतांना निकोल्सनचे पाय पाहा. दाढी त्याला नाहींच.